हिंगोलीचा दगड : रिसाल्याचा क्रमांक लागला

हिंगोलीच्या जुन्या दफनभूमीतील निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याच्या ज्या संगमरवरी थडग्यापाशी मागच्या नोंदीत काम अडले होते, त्यावरील रिसाल्याचा, म्हणजे घोडदळाच्या पलटणीचा, क्रमांक अखेर लागला : हैदराबाद कंटिंजंटचा (निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा) दुसरा रिसाला.

लेखातील शिशाची अक्षरे बहुतेक गळून पडली आहेत आणि नेमका क्रमांकापाशी दगडाचा टवका उडाला आहे. उरली आहेत ती शिसे धरून ठेवण्यासाठी कारागिराने पाडलेली छिद्रे. कंटिंजंटचे रिसाले चारच असल्यामुळे अंकापुढची बारीक इंग्रजी अक्षरे एसटी, एनडी, आरडी की टीएच, एवढे कळले तरी पुरेसे होते (पायदळाच्या सहा पलटणी, तेथे ही युक्ती चालली नसती). शेवटचे अक्षर डी आहे हे लवकर पटले, पण त्याआधीचे एन की आर हे काही केल्या ठरेना, कारण एवढ्या लहान अक्षराला छिद्रे मोजकीच असतात आणि दुपारच्या उन्हात त्यांतली निम्मी दिसतही नाहीत. उत्तर त्याच दगडावर होते. मृत्यूची तारीख २२ असल्याचे वाचता येते, म्हणजे तिच्यापुढे एनडीच असणार. तेथील छिद्रांचा ट्रेसिंग कागदावर घेतलेला ठसा क्रमांकापुढच्या छिद्रांवर ठेवला, तो तंतोतंत बसला. फार आनंद झाला.

हे सकाळच्या तिरक्या उन्हात, साध्या आरशाने उजेड वळवून साधले. माझ्या मते महागड्या टॉर्चपेक्षा आरसाच उजवा. खडू किंवा पीठ चोळून अक्षरे उठवणे मात्र सर्वांनी सोडावे, ही कळकळीची विनंती.

या रिसाल्यांना १८९० मध्ये 'लान्सर्स' (भालेदार) हे नाव मिळाले. दगडावर 'कॅव्हलरी' असल्यामुळे अधिकाऱ्याची नोकरी त्याआधीची ठरते. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडल्यावर याच रिसाल्याचे २९वे लान्सर्स झाले आणि पुढे ते २०व्या डेक्कन हॉर्समध्ये मिसळले. या अधिकाऱ्यासोबतच्या देशी सवारांची नावे या दफनभूमीत नाहीत. आता रिसाला ठरल्यामुळे त्यांचाही माग काढता येईल.

यानंतर अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबाद छावणीत, जायचे ठरले होते. परंतु हे लिहिताना सुचले की तारखेतील २२ आणि वर्षातील १८ यांवरून २, १ आणि ८ या अंकांचे छिद्रसाचे आयतेच हाती आले आहेत. ते आधी वर्षाच्या पुसलेल्या दोन अंकांवर लावून पाहतो, मग मद्रासच्या दफननोंदी चाळतो. तोवर अंबाजोगाई थांबेल.