२०० युनिटांच्या आत एक कार्ड : वडगाव, बेळगाव

घरी क्रिप्टो नाणी खणायला, म्हणजे नेटवर्कची गणितं सोडवून मोबदल्यात नाणी मिळवायला, वापरतो ते ग्राफिक्स कार्ड तेच आहे, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. बदललाय तो हिशेब. आधी मी मेगाहॅश, म्हणजे खणण्याचा वेग, मोजत होतो, आता विजेची युनिटं मोजतो.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी आधी इकडची गोष्ट सांगतो. कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती ही मोफत विजेची योजना आहे. घराचा २०२२-२३ सालातला सरासरी वापर काढायचा, त्यात १० टक्के मिळवायचे, तेवढी युनिटं फुकट. त्याच्या वर पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याची सवलत गेली, पहिल्या युनिटापासून सगळं बिल तुमचं. आमच्या घराला १२७ युनिटं मंजूर आहेत. घरचा वापर ११० च्या आसपास. म्हणजे कार्डाच्या वाट्याला महिन्याला ९० युनिटं, त्यातली १७ फुकट, बाकीची कर-अधिभार धरून साधारण पावणेसात रुपयांनी. मीटर १९८ वर थांबला तर पाचशेच्या आत सुटतो. २०३ वर गेला तर दीड हजाराच्या पुढं. पाच युनिटांत हजार रुपये! क्रिप्टोच्या चार्टवर एवढा खडा कडा मी पाहिलेला नाही.

म्हणून आमच्याकडं महिना एक तारखेला सुरू होत नाही, रीडिंग घेऊन जातात त्या दिवशी होतो. मीटरचा आकडा आई लिहून ठेवते. कॅलेंडरच्या त्याच पानावर दूधवाल्याचा हिशेब असतो, शेजारी हे. "एकशे ऐंशी झालं बघ, काय करायलास ते आताच कर," एवढं ती म्हणाली की रिग, म्हणजे कार्ड बसवलेला कॉम्प्युटर, बंद.

आता आकडे. सगळे भिंतीच्या सॉकेटला लावलेल्या वॉटमीटरवरचे आहेत, सॉफ्टवेअर दाखवतं ते नव्हेत. एनव्हिडियाचं कार्ड निदान पूर्ण बोर्डाची वीज सांगतं. जुनी एएमडी कार्डं, आरएक्स ५८० वगैरे, नुसत्या चिपची सांगतात, आणि आपण खूश होतो. बिल मात्र सॉकेटमधून जाईल त्याचंच येतं.

एर्गो या नाण्यावर, म्हणजे त्याच्या ऑटोलिकॉस २ या अल्गोरिदमवर, पूर्ण रिग १२८ वॉट खात होती. महिनाभर अखंड चालवली तर ९२ युनिटं, म्हणजे काठावर. सगळं लक्ष कार्डाकडं असतं, पण तिथं फार काही उरलं नव्हतं. हे अल्गोरिदम मेमरीवर चालतं, कोअर नुसता बसून असतो, त्यामुळं कोअर क्लॉक १२०० च्या खाली लॉक करून मेमरी वर ढकलली की कार्ड ८० वॉटच्या आत येतं आणि हॅशरेट, म्हणजे खणण्याचा वेग, जवळपास हलत नाही. चोरी चालली होती ती दुसरीकडं. जुना आय३ प्रोसेसर काढून कमी वीज खाणारा पडीक सेलेरॉन बोर्ड लावला, हार्ड डिस्क काढून हाइव्ह ओएस ही खाणकामाची ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवर टाकली, आणि साडेसातशे वॉटचा जुनाट पॉवर सप्लाय जाऊन लहान, कार्यक्षमतेचं गोल्ड रेटिंग असलेला आला. मोठा सप्लाय इतक्या कमी लोडवर चालवला की त्याची कार्यक्षमता घसरते, हे बरेच जण विसरतात. आता सॉकेटवर ११२ वॉट. महिन्याची ८१ युनिटं.

रेव्हनकॉइन हे दुसरं नाणं चालवून पाहिलं. त्याचं कॉपॉ अल्गोरिदम कोअर आणि मेमरी दोन्हीला घाम फोडतं. ३०६० वर २३ मेगाहॅशच्या आसपास मिळतात, सॉकेटवर १५८ वॉट. महिन्याला ११४ युनिटं झाली, घरच्या ११० मध्ये मिळवून बघा. आमच्या घरात कॉपॉ महिनाभर बसतच नाही. शिवाय त्याचा डॅग, म्हणजे कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागणारी फाइल, वाढत वाढत ५ जीबीच्या पुढं गेलाय, ६ जीबीवाल्यांनी आतापासूनच दुसरं काही बघून ठेवावं.

थोडं माग आणि धुळीबद्दल. आमच्या भिंतीपलीकडं यंत्रमाग आहेत. फायदा असा की मागांच्या खडखडाटात कार्डाचा पंखा कुणाला ऐकू येत नाही. तोटा म्हणजे सुताचा बारीक कापूस. साधी धूळ ब्रशनं निघते. हा कापूस हीटसिंकच्या पात्यांमध्ये शिरून नमद्यासारखा चिकटतो आणि महिन्याभरात तापमान सात-आठ अंश वर नेतो. कंप्रेसरची हवा मारली तर तो आणखी आत जातो. आता केसला मच्छरदाणीच्या जाळीचे दोन थर ताणून लावलेत आणि दर रविवारी जाळी झटकतो. शेजारच्या काकांनी स्वतःहून सुचवलं, मागाच्या मोटरलाही ते असंच काहीतरी बांधतात. उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, ज्यांचं दुकान आहे त्यांना मात्र जाळी पुरणार नाही. लेथचा लोखंडी कीस बोर्डावर बसला तर शॉर्टच. तिथं रिग ठेवूच नका, ऑफिसच्या खोलीत न्या.

पावसाळ्यात मी रिग थोडी जास्तच चालवतो. बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत बंद पडलेल्या बोर्डाला दमट हवा धरते, चालू असलेलं कोरडं राहतं. लाईट मात्र फार ये-जा करते, म्हणून बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप चालू होण्याची सेटिंग बंद ठेवलीय. पहिले पाच मिनिटं व्होल्टेज वेडंवाकडं असतं. डिसेंबरच्या रात्री कार्ड ५० अंशाच्या वर जात नाही, ते वेगळं सुख.

मग या ८१ युनिटांचं करायचं काय? इथं मित्रांशी माझं जमत नाही. बारा महिने एर्गो खणत राहायचं असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, कारण त्या युनिटांच्या बिलात जेवढं एर्गो विकत मिळतं त्याच्या निम्मंसुद्धा कार्ड काढत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं खाणकाम बंद केलं, जगातली सगळी कार्डं या लहान नाण्यांवर येऊन पडली आणि प्रत्येकाचा वाटा पातळ झाला. तेव्हापासून स्थिर नाणं म्हणजे स्थिर तोटा.

नव्या नाण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र नेटवर्क लहान असतं आणि एका कार्डालाही ब्लॉक, म्हणजे नाण्यांचं बक्षीस, दिसतो. कास्पाचं बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, प्रीमाइन नाही, म्हणजे बनवणाऱ्यांनी आधीच स्वतःसाठी नाणी काढून ठेवली नव्हती, सुरुवातीला लोक साध्या कॉम्प्युटरवर काढत होते. २०२३ मध्ये त्याची असिक यंत्रं, म्हणजे त्या एकाच कामासाठी बनवलेली यंत्रं, आली आणि कार्डांचा विषय संपला. नोव्हेंबर २०२१ मध्येच सुरू झालेल्या अलेफियमचंही पुढं तेच झालं. दोन्हीकडं अल्गोरिदम हिशेबाचं होतं, मेमरीचं नव्हतं, आणि असं अल्गोरिदम चिपमध्ये कोरायला सोपं जातं. म्हणून मी युनिटांचं रेशन करतो. एर्गो फक्त यंत्र धडधाकट आहे ना हे बघण्यापुरतं, बाकी युनिटं राखून ठेवायची आणि बरं नाणं सुरू झालं की त्यावर उडवायची.

बरं म्हणजे कसं? प्रीमाइन किती ते आधी. मग कोड उघडा आहे का, आणि वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं सॉफ्टवेअर, मला स्वतःला कोडवरून बनवता (कंपाइल करता) येतं का. नुसती तयार फाइल उतरवून चालवा म्हणणाऱ्याकडं मी जात नाही. नवा मायनर, म्हणजे खणणारं सॉफ्टवेअर, रिगवरच चालतो, वॉलेट दुसऱ्या मशीनवर, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. एकाच पूलकडं, म्हणजे मिळून खणणाऱ्यांच्या एकाच गटाकडं, निम्म्याहून जास्त हॅशरेट असेल तर मी लहान पूल धरतो, भले पैसे उशिरा येऊ देत. सर्व्हर सिंगापूरचा मिळाला तर शिळे शेअर, म्हणजे पूलकडं उशिरा पोचून वाया जाणारी उत्तरं, कमी पडतात, युरोपचा असेल तर जास्त. डेटा नगण्य लागतो, केबलवाल्याच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनवर निवांत चालतं.

कराचं एकदाच सांगतो. एप्रिल २०२२ पासून नाणी विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस, आणि एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी तो लागतो. नवी नाणी रुपयांत विकली जात नाहीत, मध्ये यूएसडीटी हे डॉलरला बांधलेलं नाणं येतं, म्हणजे दोनदा. वर खाणकामाच्या यंत्रणेचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरता येत नाही, हे सरकारनं संसदेत मार्च २०२२ मध्येच सांगितलंय. कार्डाची किंमत वजा होईल म्हणून बिल जपून ठेवणाऱ्यांनी ते वॉरंटीसाठी जपावं. मी प्रत्येक पेआउटची तारीख आणि त्या दिवशीचा भाव वहीत लिहितो.

चंदगडच्या मित्राला गृहज्योती नाही. महाराष्ट्रात १०० युनिटांच्या पुढं दर एकदम वर उडी मारतो, म्हणून त्याचं सगळं गणित त्या शंभरावर अडतं. तो आता छतावर सोलर बसवून फक्त दुपारी चालवायचा विचार करतोय. बसवलं की त्याचे आकडे घेऊन टाकीन.

पुढच्या महिन्यात गणपती. माळा आणि पाहुणे मिळून घरचं मीटर १४० ला जाणार, म्हणजे मला ६० युनिटं. तेवढ्यात बसावं म्हणून कार्ड फक्त रात्री दहा ते सकाळी सात चालवणार, आणि पूर्ण रिग सॉकेटवर ८५ वॉटपर्यंत उतरते का तेही बघणार आहे. कोअर १०५० वर आणि मेमरी थोडी खाली घेऊन. निपाणी-खानापूरकडं कुणाकडं आरएक्स ६६०० असेल तर सॉकेटवरचा आकडा कळवा, सॉफ्टवेअरचा नको.