चारशे सात, सातशे नऊ, अकराशे नऊ... नाकावरच्या आकड्यांची गोष्ट

परवा मित्राशी बोलताना विषय निघाला की या टाटाच्या ट्रक-टेम्पोंच्या नाकावर ४०७, ७०९, ११०९ असले आकडे का असतात, तर तो म्हणाला असेल काहीतरी, साबणाचं नाव ५०१ असतं तसं. मला राहवेना. माझं अर्धं लहानपण मामाच्या ४०७ मधे गेलंय, जुन्नरकडून माल भरून माळशेज उतरून वाशी मार्केटला, आणि हा म्हणतो साबण.

तर आकडा वाचायचा कसा ते आधी. शेवटचे दोन आकडे गुणिले दहा म्हणजे साधारण हॉर्सपॉवर, आणि त्याच्या आधीचं जे उरतं ते टन. पण टन म्हणजे माल नव्हे हां, इथेच सगळे फसतात, टन म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन, गाडी स्वतः, हौदा, ड्रायव्हर-क्लीनर, माल, ताडपत्री सगळं धरून. म्हणजे १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर हॉर्सपॉवर. १६१३ म्हणजे सोळा टन, एकशे तीस. ११०९ अकरा टन, नव्वद. आणि ४०७ म्हणजे चार टन नि सत्तरच्या आसपास. एवढं कळलं की कुठल्याही जुन्या टाटाच्या मागे सिग्नलला उभं राहून तिची कुंडली सांगता येते.

ही पद्धत मूळची टाटांची नाही, जर्मनांची आहे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ ची, आधी रेल्वेची इंजिनं वगैरे, मग १९५४ ला डाइमलर-बेंझशी करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. करार पंधरा वर्षांचा. म्हणून जुन्या फोटोंत जाळीवर मर्सिडीजचा तारा दिसतो, आणि १९६९ नंतर तिथे गोलातला टी आला. तारा गेला पण आकड्याच्या आधी लागणारी जर्मन अक्षरं राहिली. एलपीके मधला के म्हणजे किपर, म्हणजे आपला डंपर. एलपीएस मधला एस म्हणजे झाटेल, ट्रेलर ओढणारा घोडा. एलपीओ मधला ओ म्हणजे ऑम्निबस, बसची चासी. आपल्या एसट्या ज्या चासीवर बांधल्या गेल्या त्यात ही ओ वाली मंडळी भरपूर. शोरूममधल्या पोरांना विचारा, के म्हणजे काय, नाही सांगता येणार.

आता इंजिन, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे जरा सहन करा. १२१० आणि १६१३ मधे बसायचं ते ६९७. याचंही नाव वाचता येतं, सहा सिलेंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, १२८. कॅल्क्युलेटर काढून करून बघा, ५६७५ सीसी येतं, जे मर्सिडीजच्या ओएम ३५२ चं माप आहे तंतोतंत. त्यातले दोन सिलेंडर कापले की ४९७, चार सिलेंडर, ३७८३ सीसी. आणि ४०७ साठी बोअर तोच ९७ ठेवून स्ट्रोक १०० वर आणला, झालं २९५६ सीसी. म्हणजे मोठ्या ट्रकचं इंजिन कापून कापून छोट्याला बसवलंय, नवं काही शोधायच्या भानगडीत न पडता. कुणी याला जुगाड म्हणेल, मी शहाणपणा म्हणतो, कारण हे २९५६ सीसीचं माप पुढे कॉमन रेल, म्हणजे डिझेल फवारायची नवी पद्धत, आली तरी टिकलं, ४एसपीसीआर म्हणून जे येतं ते तेच माप.

१९८६ ला ४०७ आली तेव्हा बाजारात जपान्यांची गर्दी होती. सरकारने ऐंशीच्या दशकात हलक्या ट्रकांसाठी परदेशी भागीदाऱ्यांना परवानगी दिली आणि एकदम चार जण आले. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा आणि मित्सुबिशीच्या कँटरवरून आयशर. खरं बोलायचं तर गाड्या म्हणून त्या सरस होत्या, गुळगुळीत गिअर, केबिन पूर्ण इंजिनावर असलेली, आवाज कमी. पण दोन गोष्टी नडल्या. एक म्हणजे येन. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर, म्हणजे डॉलर खाली आणायला बड्या देशांनी केलेल्या करारानंतर, येन असा काही वर गेला की जपानहून येणारा एकेक सुटा भाग महाग होत गेला, आणि सुरुवातीला यांचे बरेच भाग तिकडूनच यायचे. दुसरी म्हणजे आपण. आपण कागदावर सव्वादोन टन लिहिलेल्या गाडीत सव्वादोन टन कधी भरतो का? जपानी गाडी कागदाला धरून बनवलेली, ४०७ माणसाला ओळखून बनवलेली. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, असे जाड की रिकामी गाडी गावच्या रस्त्याला नुसती उडायची, जीभ दाताखाली यायची, पण भरली की शांत, म्हशीसारखी चालायची. आणि कुठल्याही नाक्यावरचा गॅरेजवाला आणि डिझेल पंप दुरुस्त करणारा तिला हात लावू शकायचा कारण तो आधी १२१० खोलून शिकलेला असायचा.

पुढे डीसीएम टोयोटाची देवू झाली, ऑल्विन निस्सान महिंद्रात गेली, स्वराज माझदाची २०११ ला एसएमएल इसुझू झाली. आयशर मात्र टिकली, पीथमपूरला, २००८ ला व्होल्वोशी भागीदारी केली, आणि टिकली म्हणजे अशी की आपल्याकडे बातमीत अपघात कुठल्याही कंपनीच्या गाडीचा असो, छापून येतं 'आयशर टेम्पो'. यातला टेम्पो पण मजेशीर आहे, तो हँबर्गच्या एका कंपनीचा ब्रँड, तिची तीनचाकी इथे बजाज टेम्पोने १९५८ पासून बनवली, कंपनीचं नाव २००५ ला फोर्स झालं पण शब्द आपल्या तोंडात राहिला तो राहिलाच. म्हणजे 'आयशर टेम्पो' म्हणजे दोन वेगळ्या कंपन्या एका गाडीत बसल्यात.

४०७ ची भावंडं पण याच पद्धतीने वाढली. ६०८, ७०९, ९०९, ११०९. चासी लांब करा, पाटे वाढवा, मोठं ४९७ टाका, टर्बो लावा. ४०७ मधेच बघा किती प्रकार, एसएफसी म्हणजे थोडं नाक पुढे असलेली, जी आपल्या डोळ्यासमोर येते ती, एलपीटी म्हणजे सपाट तोंडाची, एसके म्हणजे छोटा डंपर, वर टर्बो, फोर बाय फोर, सीएनजी. आणि हे फक्त कंपनीचे. खरे प्रकार बॉडीवाल्याकडे व्हायचे. लोक नुसती चासी घ्यायचे आणि मग तिच्यावर दुधाची टाकी, शाळेची बस, पोलिसांची व्हॅन, काय वाट्टेल ते चढायचं. मामाची फाळका असलेली साधी होती, पण वरातीला भाड्याने गेली की तिच्यावर जनरेटर नि स्पीकर चढायचे.

आकडे मात्र हळूहळू खोटे होत गेले. ११०९ ची ताकद नव्वदच्या बरीच पुढे गेली पण नाव तेच, कारण गिऱ्हाईक अकराशे नऊच मागायला येतो. आणि सोळा टन हा दोन अ‍ॅक्सलचा जुना आकडा, कायद्याने १६.२ होतं, २०१८ ला अ‍ॅक्सलचं वजन वाढवून ते १८.५ केलं, मग सोळाने सुरू होणाऱ्या नंबरांना अर्थच उरला नाही.

एक आकडा मात्र अजून जिवंत आहे, साडेसात. ७५०० किलोपर्यंतची गाडी म्हणजे लाइट मोटर व्हेइकल. मधल्या कितीतरी गाड्यांचं वजन याच्या जरा खाली येऊन थांबतं ते उगाच नाही. कारवाल्या लायसन्सवर असली मालाची गाडी चालवली आणि अपघात झाला तर विमा कंपन्या क्लेम नाकारायच्या, वेगळं ट्रान्सपोर्टचं लायसन्स कुठंय म्हणून. सुप्रीम कोर्टाने २०१७ ला ड्रायव्हरच्या बाजूने सांगितलं, तरी वाद चालूच, शेवटी नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं. म्हणजे ४०७ वाला सुटला. ११०९ वाल्याला जड गाडीचंच लायसन्स पाहिजे, दिसायला दोघी बहिणी असल्या तरी.

आणि आता एसी. १ ऑक्टोबर २०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकला केबिनमधे एसी सक्तीचा झालाय. ज्यांनी जुनी ४०७ आतून बघितलीय त्यांनाच यातली मजा कळेल, कारण तिथे इंजिन अर्धं केबिनमधे, ड्रायव्हर नि क्लीनरच्या मधे बोनेट, त्यावर गोधडीची घडी आणि त्या घडीवर मी. थंडीत स्वर्ग. मेमधे मात्र मामा सारखा विचारायचा, भाजलं का रे, आणि मी नाही म्हणायचो कारण हो म्हटलं असतं तर मागे हौद्यात टोमॅटोच्या क्रेटांवर जावं लागलं असतं.

मामेभावाने आत्ता नवी गाडी घेतली, सपाट तोंडाची, एसीवाली. मामाला हात धरून केबिनमधे चढवलं. तो बसला, एसीच्या झोताखाली जरा वेळ गप्प राहिला, मग डावा हात बाजूला टाकून काहीतरी चाचपडायला लागला. बोनेट शोधत होता. मिळालं नाही तेव्हा हात मांडीवर घेतला आणि विचारलं, घाटात किती देते रे?