चोकेकिराओ: तयारी उतरणीची

पेरूतल्या ट्रेकची वाट ठरली. माचू पिक्चूची जगप्रसिद्ध इंका ट्रेल नाही, तर तिच्या नैऋत्येला, आपुरिमाक नदीच्या खोल दरीपलीकडे बसलेलं इंकांचं उद्ध्वस्त नगर, चोकेकिराओ. ग्रुपमध्ये यावरून बरीच तोंडातोंडी झाली. "पेरूला जाऊन इंका ट्रेल सोडायची म्हणजे पाचाडला मुक्काम करून रायगड न चढता परत येणं," असं एका ज्येष्ठ गिर्यारोहक काकांनी ऐकवलं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण इंका ट्रेलला दिवसाला 500 माणसांची मर्यादा, त्यात हमाल आणि वाटाडेही धरलेले. परवानाधारक संस्थेशिवाय पाऊल टाकता येत नाही, फेब्रुवारीत वाट बंद, आणि कोरड्या हंगामातल्या तारखा महिनोन्‌महिने आधी संपतात. चोकेकिराओला हा कोटा नाही. तिकीट काढायचं आणि चालायला लागायचं.

खरं कारण मात्र वेगळं आहे. इंका ट्रेलवरची वार्मिवान्युस्का खिंड 4,215 मीटरवर आहे. कळसूबाई 1,646 मीटर. विरळ हवेचा सराव महाराष्ट्रात करताच येत नाही, कितीही गड मारा. चोकेकिराओचे अवशेष सुमारे 3,050 मीटरवर, म्हणजे कुस्को शहराच्याही खाली. इथे जीव काढते ती दरी. कापुलियोकला साधारण 2,900 मीटरवरून सुरुवात करायची, वळणावळणांनी प्लाया रोसालिनाला नदीकाठी उतरायचं (सुमारे 1,500 मीटर), पूल ओलांडायचा आणि मारंपाता वाडीपर्यंत जवळपास तेवढंच पुन्हा चढायचं. मध्ये काही वर्षं हा पूलही नव्हता, लोक तारेवरच्या पाळण्यातून नदी पार करायचे. खाली ऊन, निवडुंग, धूळ आणि चावरी चिलटं. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने कोकणकडा गाठणाऱ्याला हजार मीटरच्या वरची एकसलग चढाई म्हणजे काय, हे सांगायला नको. जी अडचण इथे घरबसल्या घोटता येते, तीच निवडली.

आता सराव. चढाईची फारशी चिंता नाही, दमलो की थांबतो. उतरणीत दम लागत नाही म्हणून माणूस गाफील राहतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून कण्हतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, दुखणं त्यातून येतं. चांगली गोष्ट अशी की तोच मार थोड्याथोड्या दिवसांनी पुन्हा दिला की स्नायू लवकर सरावतात. म्हणून सिंहगड आतकरवाडीकडून सलग दोनदा चढायचा-उतरायचा, तोही पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन. कांदाभजी दुसऱ्या उतरणीनंतर, आधी नाही. हा नियम सर्वांत जास्त वेळा मोडला जातो.

बुटांबद्दल एक सांगतो, कारण याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. उतरायच्या आधी थांबून नाडी नव्याने बांधा. टाच मागे ठोकून बसवा. सगळ्यात वरच्या दोन भोकांतून नाडी त्याच बाजूने आत घेऊन छोटा फासा करा, समोरच्या बाजूचं टोक त्या फाशातून ओवा आणि मग घट्ट ओढा. घोटा जखडला जातो, पाय पुढे सरकत नाही, अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटत नाही. हजार-चौदाशे मीटर उतरताना नखं काळी पडणं आणि न पडणं एवढ्याशा गाठीवर असतं. काठ्या चढताना आखूड आणि उतरताना थोड्या लांब. पावलं छोटी, गुडघे कधीच ताठ नाहीत.

एप्रिल-मेच्या उन्हात मुद्दाम दुपारी चाललो, कारण आपुरिमाकच्या तळाशी दुपार तशीच असते. तिथले लोक पहाटे निघून ऊन चढण्याआधी दरी पार करायला बघतात, आम्हीही तेच करणार. आता इकडे पावसाळा सुरू झाला आहे आणि नेमका तोच तिकडचा कोरडा हंगाम आहे. त्यामुळे शेवटचा सराव शेवाळलेल्या कातळावर होणार. पाय मुरगळून मोहीम हुकायला नको म्हणून घसाऱ्याच्या वाटा टाळून पायऱ्यांचे गड घेतोय.

तारखांचं गणित सरळ होतं. 24 जूनला कुस्कोत इंती राइमी हा इंकांचा सूर्योत्सव, शहर फुल्ल. 28-29 जुलैला पेरूच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्ट्या, बसगाड्या फुल्ल. गणपतीच्या आत घरी पोहोचायचंच. उरला ऑगस्ट.

कागदपत्रांत दोन गोष्टी. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत असलेला व्हिसा असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी दिल्लीच्या दूतावासाचा मार्ग लवकर धरावा. दुसरी म्हणजे पीतज्वराची लस. पेरूहून परत येताना तिचं पिवळं कार्ड आपल्याच विमानतळावर मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं.

उंचीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, कारण विमान थेट कुस्कोत उतरतं, 3,400 मीटरवर. त्यामुळे उतरल्या उतरल्या गाडी करून खाली ओलांतायतांबोला जायचं, ते 2,800 मीटरच्या आसपास आहे. दोन रात्री तिथे, मग कुस्को, मग ट्रेक. डायमॉक्सचा, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचा, निर्णय आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंवर सोपवलाय. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये, हे त्यांचं वाक्य जसंच्या तसं इथे टाकतोय. कोकाच्या पानांचा चहा तिकडे राजरोस मिळतो, प्यावा. पानं सामानात टाकून भारतात आणू नयेत, इकडे ते सरळ गुन्ह्यात मोडतं.

कुस्कोहून काचोरा या ट्रेकच्या अलीकडच्या गावाच्या फाट्याकडे जाताना सायवितेची शिळा लागते. एकाच प्रचंड दगडाच्या माथ्यावर प्राणी, पायऱ्या, पाण्याचे पाट कोरलेले आहेत. अर्धा तास तरी तिथे थांबणारच. काहींना थेट कापुलियोक गाठायचंय, त्यांनी गाडीत झोपावं.

आणि अवशेष? उत्खनन आजवर जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं झालंय, बाकी सगळं रानाखाली. 1536 मध्ये इंका राजा मांको इंकाने स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला वेढा घातला, वेढा फसला आणि मांको विल्काबांबाच्या डोंगरांत, म्हणजे याच मुलखात, सरकला. 1572 मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक आमारूला कुस्कोच्या चौकात मारेपर्यंत स्पॅनिशांना हा मुलूख पुरता हाती लागला नाही. आडवाटा आणि दऱ्यांच्या जोरावर लढणं आपल्याला नवं नाही, म्हणून हा भाग वाचताना मी जरा जास्तच रेंगाळलो. अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम 1909 मध्ये इथे आला होता, माचू पिक्चूला पोहोचला त्याच्या दोन वर्षं आधी. मला सर्वांत बघायच्या आहेत त्या लामांच्या (उंटाच्या कुळातला तिकडचा प्राणी) पायऱ्या. डोंगराच्या पश्चिम उतारावर शेतीच्या बांधांत पांढरे दगड बसवून लामांचे आकार केले आहेत, काळपट भिंतीत लख्ख दिसणारे. अवशेषांमधल्या मुख्य चौकातून तिथे जायचं तर पुन्हा बरंच खाली उतरून वर यावं लागतं. म्हणून मारंपातात एक रात्र वाढवली आहे. इथवर रोपवे आणायच्या घोषणा तिकडे वर्षानुवर्षं चालू आहेत. तो येण्याआधी जाऊन यावं, एवढंच माझं मत.

परतीला तीच दरी नको म्हणून पुढे जायचं ठरतंय. पिंचाउनुयोकच्या इंकाकालीन शेतीबांधांवरून रिओ ब्लांको नदीला उतरायचं, समोर माइसालला सुमारे हजार मीटर चढायचं, आणि सान हुआनची खिंड (सुमारे 4,150 मीटर, पण तोवर विरळ हवेची सवय झालेली असेल) ओलांडून यानामा गावाला. जुन्या इंका फरसबंदीचे तुकडे याच टप्प्यात पायाखाली येतात. यानामापर्यंत आता गाडीरस्ता आहे, तिथून सांता तेरेसा आणि माचू पिक्चू. काकांचा रायगडही असा चढून होतो. माचू पिक्चूच्या तिकिटाची वेळ आणि मार्ग आधीच ठरवावा लागतो, नाव पासपोर्टप्रमाणे.

जेवणाचं म्हणाल तर ऑगस्ट म्हणजे श्रावण, आणि दोघे कडक पाळणारे. स्पॅनिशमध्ये "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हटलं तर ताटात कोंबडी येऊ शकते, म्हणून "सिन पोयो, सिन पेस्कादो" (कोंबडी नको, मासे नकोत) पाठ करून घेतलंय. भात-बटाटा सगळीकडे मिळतो. मेतकुटाची पाकिटं माझ्याकडे.

राहिलंय ते खेचरांचं. काचोऱ्यातल्या खेचरवाल्याशी निरोपानिरोपी सुरू आहे. तो यानामापर्यंत यायला तयार आहे, पण रिकाम्या परतीच्या दिवसांचेही पैसे मागतोय, आणि ते रास्तच आहे. दर पक्का झाला की माणशी खर्च टाकतो.