दहा दिवसांची पिल्ले आणि एक रकाना

अमेरिकेतील प्रयोगशाळेत जीईपीआर-९ या जन्मतः अपस्मारप्रवण उंदरांवर काम करण्याची परवानगी मिळवताना मला जो मनस्ताप झाला, तो अजूनही पुरता ओसरलेला नाही. हे उंदीर कर्कश आवाजानेसुद्धा आकडी येऊन पडतात; त्यांच्या दहा-अकरा दिवसांच्या पिल्लांना साध्या उंदरांच्या पिल्लांपेक्षा किती कमी तापात आकडी येते, एवढेच मला मोजायचे होते. प्रशिक्षण आणि आरोग्यतपासणी आठवड्याभरात आटोपली.

अर्ज अडला तो एका रकान्यात: भूल का देणार नाही? मी उत्तर दिले की, भुलीची बरीचशी औषधे आकडीच दाबून टाकतात, मग मोजायचे काय? प्राण्यांवरील प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीने अर्ज परत पाठवला. संदर्भांची भर घालून तो पुन्हा दिला, तर तीन आठवड्यांनी तोच प्रश्न शब्द फिरवून परत आला, आणि दरम्यान माझ्या डोळ्यांदेखत पिल्लांची एक वीण प्रयोगाचे वय ओलांडून गेली.

शेवटी संस्थेच्या पशुवैद्य बाईंकडे गेलो. (अर्ज लिहिण्यापूर्वीच त्यांना भेटावे, हे खरे तर आरंभीच सांगायला हवे होते.) त्यांनी अर्ज वाचला आणि शांतपणे विचारले, "तुम्ही थांबणार केव्हा, हे यात कुठे आहे?" समितीतील विज्ञानाबाहेरच्या सदस्याला भुलीपेक्षा तेच हवे होते. मग मी सगळे बारकाईने लिहिले: पिल्लू काचेच्या बरणीत, वरून गरम हवेचा सौम्य झोत, दर दोन मिनिटांनी गुदद्वारातून तापमान, धडपडणारे पिल्लू एकाएकी स्तब्ध होऊन तोंडाने चघळल्यासारखे करू लागले की झोत बंद, आकडी आली नाही तरी ४१.५ अंश सेल्सिअसला बंदच. लगेच साध्या पाण्यात थंड करून, पुसून ते आईजवळ. पंजे आणि कान भाजू नयेत म्हणून आधी मलम लावायचे, हेही त्यातच नोंदवले; ते विसरू नये.

नऊ दिवसांत मंजुरी आली. एवढे सोपे होते तर रकान्याचे शीर्षक तसे का नव्हते, हा राग मात्र राहिलाच. पत्र हातात घेऊन पिंजऱ्यापाशी गेलो, तर दुसऱ्या विणीतील पिल्ले पंधरा दिवसांची होऊन, डोळे उघडून माझ्याकडे पाहत होती. नवी जोडी लावली आणि पुन्हा गाभणपणाचे बावीस दिवस, अधिक पिल्लांचे दहा, असे कॅलेंडरवर मोजायला बसलो.