मागच्या सीटवरची माणसं

आमच्या घराण्यात कुणाला कुणाचा वाढदिवस लक्षात राहत नाही. आजोबांचं श्राद्ध कोणत्या तिथीला, यावरून दरवर्षी फोनाफोनी होते. पण आक्कात्याच्या फियाटचा नंबर मात्र झाडून सगळ्यांना पाठ. झोपेतून उठवून विचारा, उत्तर येणार, ‘पंचेचाळीस एकवीस.’ आधीची तीन अक्षरं मी इथं लिहीत नाही, आताच्या मालकाला उगाच फोन जायला नकोत. एमएच दहा वगैरे सगळं 1989 च्या सुमाराचं. त्याआधी इंग्रजी तीन अक्षरं आणि पुढं आकडे असायचे. सांगलीत मोटारीच इतक्या कमी होत्या, की अक्षरं सांगायची वेळच येत नसे. ‘पंचेचाळीस एकवीस गणपती पेठेत उभी आहे’ एवढ्यावर डॉक्टरीणबाई कुठं आहेत ते गावाला कळायचं.

आक्कात्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. डॉक्टर. तिची फियाट 1969 ची, डिलाइट. फियाट अकराशेचं हे मॉडेल प्रीमियर कंपनी 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनवत होती. पुढं त्याचंच नाव पद्मिनी झालं. मोटार घ्यायची तर अँबॅसिडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड हेराल्ड, याच्या पलीकडं फारशी निवड नव्हती. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं. माझे वडील सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकले. प्रीमियर हीसुद्धा वालचंद हिराचंदांचीच कंपनी, 1944 ची. त्यामुळं बाबा त्या गाडीकडं कायम वर्गमित्राच्या नजरेनं बघायचे आणि तिच्यात काही बिघडलं की ‘आमच्या कॉलेजची पोरं असं करणार नाहीत’ म्हणायचे.

ही गाडी शोधायचं खूळ निघालं एका लग्नाच्या पंगतीत. कारण काय, तर रंग. बाबा म्हणाले, पिस्ता. ताई म्हणाली, छे, मोरपंखी. आमचा थोरला दादा तर म्हणाला की रंग राहू दे, तिची पुढची दारं उलटी उघडायची, मी स्वतः उघडलीत. आता उलट्या दारांची ती जुनी फियाट, जिला सगळा महाराष्ट्र ‘डुक्कर फियाट’ म्हणायचा. डिलाइटची दारं सरळ उघडतात. म्हणजे दादानं आयुष्यभर दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीची आठवण आपली म्हणून सांभाळली. हे त्याला सांगितलं तर त्यानं जिलबीचं ताट बाजूला सारलं.

शेवटी सगळे आक्कात्याकडं वळलो. तिचं वय आता चौऱ्याऐंशी. तिनं जिलबी संपवली, हात पुसले आणि म्हणाली, “पांढरी होती. मी डॉक्टर होते, वरातीची गाडी नव्हती ती.”

“आत्या, ती गाडी शोधूया का?”

“कशाला? विकली ती विकली.”

मला वाटलं, वरवर म्हणते आहे. तसं नव्हतं. तिला खरोखरच काही पडलेलं नव्हतं. हे मला पुष्कळ दिवस खटकत राहिलं. जुन्या गाडीच्या मागं लागलेली माणसं बघा, एक गोष्ट दिसेल. गाडी चालवणारा, तिचे हप्ते भरणारा, क्लच प्लेट जळल्यावर भर उन्हात रस्त्याकडेला उभा राहणारा माणूस यात सहसा नसतो. असतात ते मागच्या सीटवर बसलेले. आम्ही पाच पोरं मागं कोंबलेली, पुढं बाकासारखी अखंड सीट, तिच्यावर आणखी दोघंतिघं मोठी माणसं, कारण गिअर स्टेअरिंगलाच असल्यानं मधली जागा मोकळी. औदुंबरला जाताना भडंगाचा पुडा मागं फिरायचा. पुण्याला जाताना खंबाटकीत रेडिएटरला उकळी फुटली की आम्हाला केवढा आनंद! खाली उतरायला मिळायचं, बाटल्या घेऊन पाणी आणायला पळायचं. आक्कात्याच्या लेखी तीच खंबाटकी म्हणजे ‘पुण्यात अकराला कॉन्फरन्स, आणि आता साडेदहा वाजलेत’. ज्यानं गाडी पोसली त्याच्याकडं हिशोब उरतो, आणि जो नुसता बसून गेला त्याच्याकडं गाडी. न्याय नाही यात, पण असंच आहे.

हिशोब मात्र चोख होता. ‘बघा बापडे’ म्हणून तिनं कपाटातून एक फाइल काढून दिली. विम्याच्या पॉलिसीची प्रत, पंप बदलल्याची पावती, कार्बोरेटर साफ केल्याची पावती, आणि शेवटी विक्रीचा कागद. आर.सी. बुक गाडीबरोबर गेलेलं, पण पॉलिसीवर चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, आणि इंजिन नंबर टाईप केलेले होते. ‘वाचून झाल्यावर परत आणून ठेवायची’ असं दोनदा बजावलं.

लोकांना वाटतं, हल्ली काय, नंबर टाकला मोबाईलवर की मालक हजर. नव्या गाडीचं ठीक आहे. जुन्या तीन अक्षरी नंबरांतल्या कित्येकांची नोंद कधी संगणकावर चढलीच नाही. त्या मोठ्या वह्यांत आहेत. चढली असली तरी मालकाच्या नावातली निम्मी अक्षरं फुल्या मारून झाकलेली असतात, आणि ते योग्यच आहे. त्यात गाडी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली असेल तर ना हरकत दाखला, मालक बदलला तर एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म. कागद झाला असेल तर माग लागतो. पण खेड्यापाड्यात पूर्वी फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन गाडी तीनतीन हात फिरायची आणि कागदावर पहिल्याचंच नाव. ही गोष्ट गमतीची नाही. अपघात झाला तर कायदा कागदावरच्या मालकाला गाठतो. आक्कात्यानं ट्रान्सफर झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय किल्ली दिली नव्हती, हे फाइलवरून कळलं. तिच्या पेशंटना ती का आवडायची आणि नातेवाइकांना का नाही, तेही.

मारुती आली तसं तिनं फियाट तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराला विकली होती. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या मुलाला गाडी आठवत होती, पण वेगळीच. “डिकीत बेदाण्याची पोती घालून आम्ही मार्केटला न्ह्यायचो. पेट्रोल लई प्यायची. वडलांनी काढून टाकली.” कुणाला? “विट्याच्या मिस्त्रीला ठावं.”

तोपर्यंत माझी खात्री झाली होती की गाडी भंगारात गेली. त्या मॉडेलच्या बऱ्याच जणींचं नशीब तेच. कुर्ल्याला जन्म आणि कुर्ल्याच्याच भंगार बाजारात शेवट. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनीसुद्धा वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. मग 1969 ची डिलाइट कोण ठेवतंय!

विट्याचे मिस्त्री गॅरेजच्या दारात बाजेवर बसलेले. कामं आता नातू बघतो. मी नंबर सांगितल्याबरोबर त्यांनी मान वर केली.

“पंचेचाळीस एकवीस व्हय? डाक्टरीणबाईंची? आवो ती गलाईवाल्या पाव्हण्यांनी न्हेली की. हाय अजून. इंजान मीच बदललंय तिचं.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विटा, खानापूर, आटपाडी हा आमच्या जिल्ह्याचा दुष्काळी पट्टा. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनंचांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. तमिळनाडूत जा, केरळात जा, बंगालात जा, सराफकट्ट्यामागच्या बोळात भट्टीपुढं बसलेला माणूस ‘कुठलं गाव?’ असं मराठीत विचारतो. ही मंडळी यात्रेला आणि लग्नसराईत गावी येतात. तेवढ्यापुरती दारात मोटार असावी म्हणून एकानं ती घेतली. उरलेलं वर्ष गाडी शेडमध्ये.

आणि म्हणूनच ती वाचली. हा विचार मला तिथून परतताना सुचला आणि अजून डोक्यातून जात नाही. सांगलीत असती तर? 2005 चा पूर आला, 2019 ला तर आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली; पंचेचाळीसला धोक्याची पातळी. आमच्या गल्लीतल्या मोटारींची नुसती टपं दिसत होती. चिखल आत गेला की पत्रा आतून खातो, वरून कितीही पॉलिश करा. आक्कात्याची फियाट त्या काळात अशा गावात उभी होती जिथं पावसाची वाट बघून माणसं थकलेली. दुष्काळानं त्या पट्ट्याचं केवढं नुकसान केलं. एका मोटारीला मात्र तो मानवला. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, शिवारं हिरवी झालीत. चांगलंच झालं, पण गाडीला गंज लागायला सुरुवात झालीय.

शेडमध्ये ती कडब्याखाली होती. मालकाच्या चुलत्यांनी पेंढ्या बाजूला केल्या आणि मागचं दार उघडलं, तर सीटवर खुडूक कोंबडी बसलेली. ती उठेना. आम्ही पुढच्या बाजूनं काम सुरू केलं. बॉनेट उघडलं, इंजिन नंबर पॉलिसीशी अजिबात जुळत नव्हता, मिस्त्रींनी सांगितलंच होतं. मग चासी नंबर. पत्र्यावर ग्रीस आणि धुळीचा कडक थर. रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, पॉलिश पेपर मारला, वर सेलोटेप चिकटवून पेन्सिल घासली. आरटीओत चासी प्रिंट घेतात तसंच. एकेक आकडा उमटत गेला. एक मधला आकडा तीन की आठ ते काही केल्या ठरेना. बाकीचे बरोबर.

इंजिन दुसरं, टायर दुसरे, सीटचं रेक्झीन दुसरं, रंग तर तीन वेळा बदललेला. मग आमची म्हणायची ती कोणती गाडी? कायद्याचं उत्तर सोपं आहे, चासी नंबर तीच गाडी. कायद्याचा मला एरवी कंटाळा येतो, पण इथं त्यानं माझी बाजू घेतली.

वरचा रंग मरून. दाराच्या खालच्या कडेला पोपडा निघाला होता, तिथं नखानं खरवडलं. मरूनच्या खाली साय रंग, त्याच्याखाली आणखी एक पापुद्रा. तो फिक्कट होता एवढंच खात्रीनं सांगतो. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांना तो पिस्ता दिसला, ताईला मोरपंखी, आणि दादानं विचारलं, दारं उलटी आहेत का ते दाखव.

मालक कोइमतूरला असतात. फोनवर भले बोलले. विकायची नाही, हे पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं, त्यामुळं पुढचं बोलणं मोकळं झालं. खरं तर विकत घेऊन मी तरी काय करणार होतो? फ्लॅटला एकच पार्किंग. त्यांना गाडी दुरुस्त करून व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. 2021 च्या नियमानं पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला ती सोय झाली, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबरही ठेवता येतो. पण मूळ इंजिन-सांगाड्यात मोठा फेरफार नको, आणि मग रोज रस्त्यावर फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर. त्यांची अडचण इंजिनाची. मिस्त्रींकडं जुनं इंजिन कुठं पडलंय का, याचा शोध आता ते घेताहेत. मी त्यांना फाइलमधल्या पावत्यांचे फोटो पाठवले. “पावत्या कोण एवढ्या ठेवतं हो!” असं म्हणून ते बराच वेळ हसले.

मग शेडमधूनच आक्कात्याला फोन लावला.

“आत्या, सापडली.”

“बरं.”

“एक आकडा लागत नाहीये, तीन की आठ. तुला आठवतोय?”

“चासी नंबर कोण पाठ करतं?” मग जरा थांबून म्हणाली, “ड्रायव्हरच्या पायाशी रबरी मॅट उचल. पत्र्याला भोक आहे का बघ.”

मॅट काढली. खाली शेंगदाण्याची टरफलं, उंदराच्या लेंड्या आणि गोल, नीट ड्रिलनं पाडलेलं, वाटाण्याएवढं भोक. त्यातून शेडमधली माती दिसत होती.

“आहे.”

“मग तीच. काचेच्या रबरातून पाणी गळायचं, पावसाळाभर माझी पावलं ओली. रबर तीनदा बदललं, तरी तेच. शेवटी मिस्त्रीला म्हटलं, पाणी येतंय तर येऊ दे, जायला वाट करून दे. तुम्ही पोरं मागं बसायचात, तुम्हाला काय कळणार?”

मालकांनाही हे कळवायला हवं म्हणून मी तिला म्हणालो, तूच बोल ना त्यांच्याशी.

“बोलेन की. ते भोक बुजवू नका म्हणावं. आणि फाइल कधी आणून देतोयस?”