ब्रेक सोडत नाही: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

‘ब्रेक धरतो, पण सोडत नाही.’ या एका तक्रारीवर आमचं वर्कशॉप उभं आहे. ब्रेक लागत नसेल तर माणूस घाबरून त्याच दिवशी येतो. चिकटत असेल तर रिमवर दाबणारा रबरी शू बोटाने मागे ढकलत महिनोन्‌महिने सायकल चालवतो. मग आमच्याकडे येते ती एका बाजूचं रबर तिरकं झिजलेली आणि रिमवर काळा पट्टा पडलेली सायकल.

सुरुवात मी आणि माझ्या भागीदाराने मिळून केली. तो मूळचा लेथवरचा माणूस. ब्रेकचे दोन हात ज्यावर फिरतात तो पिव्हट बोल्ट काचेवर गडगडवायचा आणि नुसत्या आवाजावरून वाक कुठे आहे ते सांगायचा. जुन्या इंग्लिश सायकलींच्या नटांवर मेट्रिक पाना नीट बसत नाही, जोर लावला की कोपरे गोल होतात. म्हणून त्याने त्या मापाचे पाने स्वतः घासून बनवले, तेही पातळ. पातळ का, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. कॅलिपरच्या, म्हणजे रिमला चिमट्यासारखा धरणाऱ्या ब्रेकच्या, तोंडाशी दोन नट एकमेकांवर आवळायचे असतात आणि आतल्या नटावर जाडा पाना शिरतच नाही. ते पाने आजही भिंतीवर आहेत, आणि आमच्या पोरांना ते उसने द्यायची परवानगी नाही. तब्येतीने भागीदाराला पुढे काम सोडावं लागलं. मधली वर्षं बरी गेली.

मग जवळच सायकलींचं चकचकीत काचेचं मोठं दुकान आलं. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. तिथे चिकटलेल्या ब्रेकवर उपाय एकच: बदला. ब्रेक कुठल्याही जुन्या कंपनीचा, वाइनमान असो, माफाक असो, युनिव्हर्सल असो, ‘जुना माल आहे, पार्ट मिळत नाहीत’ म्हणायचं, काढून पिशवीत घालायचं आणि नवा डबल पिव्हट ब्रेक बसवायचा. सायकल उचलून चाक फिरवून बघायचे कष्टही कोणी घेत नसे. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ‘ते जुनेच तुकडे जोडून देतात, उतारावर ब्रेक गेला तर बघा’ असं आमच्याबद्दल गिऱ्हाइकांच्या कानात सांगितलं गेलं. ब्रेकच्या कामात ही एक अफवा पुरते. काम आटलं, कारागीर गेले, शेवटी भागीदाराचा लेथ विकावा लागला. ते अजून बोचतं.

त्या दिवसांत एक बाई त्यांची जुनी टूरिंग सायकल घेऊन आल्या. पुढचा ब्रेक त्या दुकानात नुकताच बदललेला, तरी लागत नव्हता, आणि लागला की सुटत नव्हता. मी बघितलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. जुन्या फ्रेमला लांब हाताचे ब्रेक असतात, कारण चाक आणि मडगार्ड यांना जागा हवी. त्या दुकानाने रेसिंग सायकलचा आखूड ब्रेक बसवला होता. त्याचा शू जास्तीत जास्त ४९ मिलिमीटर खाली जातो. तो रिमपर्यंत पोहोचेना म्हणून शू तिरके करून बसवलेले, अर्धे टायरवर घासत होते. त्याहून वाईट पुढे होतं. नव्या ब्रेकचा नट फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या, आत बुडतो, त्याला मागच्या बाजूने ८ मिलिमीटरचं भोक लागतं. जुन्या फोर्कला सरळ ६ चं असतं. त्यांनी त्यावर ड्रिल चालवलं होतं.

बाईंनी पिशवीतून मूळचा वाइनमान साइडपुल, म्हणजे तार एका बाजूने ओढते तो ब्रेक, काढला. ‘हा खरंच गेलाय का हो?’ मी तो हातात दाबून बघितला. ब्रेकचे हात आत आले आणि तिथेच थांबले. गेला नव्हता, नुसता आवळला होता. कोणीतरी खेळ काढायला पुढचा नट घट्ट केला होता. वॉशरमधलं ग्रीस सुकून लाखेसारखं झालं होतं. सगळं सुटं करून फडक्यावर ओळीने मांडलं, कारण पितळी वॉशर कुठल्या दोन हातांमधला ते चुकलं की सगळी मेहनत वाया. घासलेटमध्ये धुतलं, बोल्टचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढला, स्प्रिंगची टोकं हातांवर टेकतात तिथे आणि पिव्हटवर कणभर ग्रीस लावलं. आतला नट हात मोकळे हलतील पण डुगडुगणार नाहीत इतकाच, मग तो पातळ पान्याने धरून बाहेरचा त्याच्यावर लॉक. कामातला खरा वेळ या शेवटच्या पाव फेऱ्यात जातो.

वाढवलेल्या भोकाचं काय? लेथ तर गेलेला. भागीदाराला फोन केला. आजारपणातून उठलेला माणूस, घरच्या छोट्या लेथवर पायरीचा पितळी बुश काढून स्वतः घेऊन आला. तो फोर्कमध्ये इतका चपखल बसला की बाहेर काढताना कष्ट पडावेत. बाईंनी मग त्यांच्या ग्रुपमधल्या एकेकाला आमच्याकडे पाठवलं. दुकान वाचलं ते त्यामुळे, आणि त्यांच्या सायकलीची रांग आमच्याकडे आजही सगळ्यांच्या पुढे असते. कोणाला पटो न पटो.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. ब्रेक चिकटला की आधी तार सोडा. वायर क्लॅम्पमधून मोकळी करा आणि कॅलिपर हाताने दाबा. झटकन उघडला तर तो निर्दोष आहे, दोष तारेत किंवा लिव्हरमध्ये. बाउडेनने या तारेचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं, तेव्हापासून तिचा शत्रू तोच: गंज आणि आउटरच्या, म्हणजे तारेवरच्या नळीच्या, तोंडाची आत वळलेली कड. आउटर कापला की तोंड कानशीने सपाट करा, आतली वाट टोच्याने मोकळी करा. हँडल पूर्ण वळवून बघा, आउटर ताणला जात असेल तर तो आखूड आहे. आणि गिअरचा आउटर ब्रेकला कधीही घालू नका. १९८४ नंतर खटक्या-खटक्याने बदलणारे इंडेक्स गिअर रूढ झाले, त्यांच्या आउटरमध्ये तारा लांबीला उभ्या असतात. ब्रेकच्या जोरात तो फुटतो. कॅलिपरवर तेलाचा स्प्रे मारू नका, तो ओघळून रबरावर जातो.

ते काचेचं दुकान आता ‘विंटेज रिस्टोरेशन’ची पाटी लावून बसलं आहे. त्यांच्या गिऱ्हाइकांचे कॅलिपर पिशवीतून आमच्याकडे येतात, कोणी पाठवले ते न सांगता. काम आम्ही करतो. फक्त एक अट: सुटा ब्रेक घेत नाही, सायकल आणा. आउटर कुठून वळतो ते पिशवीत दिसत नाही.