वीस एमएलची सिरिंज

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं गॅरेज मिरजेत, म्हणून कोरडं राहिलं. पाणी ओसरलं तशा टोचन लावून गाड्या यायला लागल्या. दार उघडलं की आतून चिखल आणि कुजका वास.

त्यातली एक हायस्कूलला विज्ञान शिकवणाऱ्या सरांची. चार सिलिंडरची, 1248 सीसीची डिझेल गाडी. "पाण्यात बंद पडली, नंतर मी हात लावला नाही," असं सर म्हणाले. मी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडरमधली हवा तापवणारे) काढून सेल मारला, भोकांतून पाण्याची पिचकारी उडाली. ऑइल बदललं, फिल्टर बदलले. गाडी पहिल्या फटक्यात सुरू. मागे रांग लागलेली, दिली सोडून.

डिसेंबरात सर परत आले. सकाळी पांढरा धूर, इंजिन थरथरतंय, आणि दहा मिनिटांत सगळं गायब. मी डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या मागे लागलो. दोन दिवस गेले. शेवटी सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं, जे खरं तर ऑगस्टमध्येच लावायला हवं होतं. तीन सिलिंडर 28 किलोच्या आसपास, दोन नंबरचा 19.

पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या, तर थोडं ऑइल सोडल्यावर फट बुजून काटा वर सरकला असता. तो सरकला नाही. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. व्हॉल्व्ह चांगले होते. सिलिंडरच्या तोंडाशी, पिस्टन पोचत नाही तिथे काजळीची बारीक रेघ असते. दोन नंबरला ती रेघ नव्हती, चांगला पट्टा होता. पिस्टन टॉपला आणून डेप्थ गेज धरलं. बाकीच्या तिघांपेक्षा दीड मिलिमीटर खाली. पिस्टनला खालून धरणारा दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकला होता.

सरांना पटेना. "दीड मिलिमीटरनं काय होतंय?"

पोराला समोरच्या मेडिकलमधून वीस एमएलची सिरिंज आणायला लावली. एका सिलिंडरची हवा 312 सीसी, आणि या इंजिनात ती साडेसतरा पटीनं दाबली जाते. म्हणजे पिस्टन वर गेला की उरते जेमतेम 19 सीसी जागा. सिरिंजभर. डिझेलला ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. त्या सिरिंजभर जागेत दीड मिलिमीटरनं पाच-सहा सीसीची भर पडली, दाबाचं प्रमाण तेरा-चौदावर आलं. ऑगस्टच्या उबेत चालून गेलं. थंडीत मात्र हवा पुरेशी तापत नाही, न जळालेलं डिझेल वाफ होऊन पांढरं बाहेर पडतं. इंजिन गरम झालं की पुन्हा पेटायला लागतं.

"आणि सर, याच जागेत सिरिंजभरापेक्षा जास्त पाणी असेल तर? हवा दबते. पाणी कुठं जाणार?"

सर सिरिंजकडे बघत राहिले. "पाणी दबत नाही हे मीच शिकवतो," म्हणाले. मग हळूच, "तीनदा मारला होता सेल."

चिडायचा मला हक्क नव्हता. बंद पडतानाही इंजिन पाणी ओढू शकतं, म्हणजे गिऱ्हाईक काहीही सांगो, पिचकारी उडालेली बघून गेज लावणं माझं काम होतं. सुरू झाली म्हणजे बरी झाली, असं धरून चाललो. त्यात पाण्यात सेल मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसतही नाही, त्यामुळे भुर्दंड सरांच्याच खिशाला. रॉड, बेअरिंग, हेड गॅस्केट यांचे पैसे त्यांनी दिले, मजुरी मी सोडली. जुना आणि नवा रॉड एकाच पिनमध्ये ओवून त्यांना दाखवला. खालची तोंडं जुळत नव्हती.

संध्याकाळी ऑगस्टची डायरी काढली. तशाच सोडलेल्या आणखी अकरा डिझेल गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक नंबर फिरवायला बसलो.